एवढ्यानं काय व्हायलंय?

मे महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ पोरांनी मला जालना रोडवरच्या एका टपरीवर बोलावून घेतलं. दोघं वाळूजच्या कंपन्यांत कामाला, एकाचं जालन्यात गॅरेज, एक सिल्लोडकडचा सरकीचा व्यापारी, बाकीचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. बेत असा की प्रत्येकानं एकेक जुनी मारुती ८०० घ्यायची, शेंद्र्याच्या पलीकडे कुणाचं तरी पडीक रान एका दिवसासाठी भाड्यानं घ्यायचं, रबरी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एकेक गाडी घड्याळावर सोडायची. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. परवानगी, अँब्युलन्स, हेल्मेट, गाडीत रोल केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा लोखंडी सांगाडा) या सगळ्याचा विचार पोरांनी आधीच केला होता. माझ्या वयाच्या माणसाला हे ऐकूनच बरं वाटलं.

मला बोलवायचं कारण एवढंच की माझी बावीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये गेली. गेज, मायक्रोमीटर आणि 'माल परत'चा लाल शिक्का ही माझी पुंजी. "काका, तेवढे नियम तपासून द्या," म्हणाले.

नियम दीड पानाचे होते. पहिला, गाडी कंपनीतून आली तशी असावी. दुसरा, किरकोळ बदल चालतील.

मी म्हणालो, तुमची सगळी भांडणं या दुसऱ्या ओळीत बसलेली आहेत. गॅरेजवाला हसला. "काका, हेडला पाव एमएमचा कट मारला तर कुणाला कळायलंय? आन् एवढ्यानं काय व्हायलंय?"

तिथंच टपरीच्या बिलामागं हिशेब मांडला. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ते पाव मिलिमीटर घासलं तर दर सिलिंडरमागं ज्वलनाची जागा जास्तीत जास्त ०.९ सीसीनं कमी होते. मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ८.७ धरलं तर ते ८.९ होतं. त्यातून ताकद वाढणार अर्धा-पाऊण टक्का. सदतीस हॉर्सपॉवरच्या इंजिनात हा झाला पाव घोडा. पोरगं खरंच बोललं होतं, एवढ्यानं फारसं काही होत नाही.

आणि तरीही तो कट मारू द्यायचा नाही, असं माझं मत आहे. हौशी माणसांच्या एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीत 'फरक किती पडतो' हा प्रश्नच विचारायचा नसतो. नियमात लिहिलंय का, एवढंच विचारायचं. हे ऐकायला कारकुनी वाटतं, मान्य. पण खिशात पैसे नसलेल्या पोरानं शर्यतीत टिकायचं असेल तर त्याला दुसरा आधार नाही.

कारण पाव घोडा एकटा येत नाही. आज हेड घासलं, उद्या पोर्ट घासले, परवा फ्लायव्हील लेथवर चढवून हलकं केलं. मग कार्ब्युरेटरचा जेट, मग सायलेन्सर, मग कॅमशाफ्ट. प्रत्येक वेळी उत्तर तेच, एवढ्यानं काय व्हायलंय. दहा ठिकाणी पाव-पाव घोडा जमवला की सदतीसाचे साडेएकोणचाळीस होतात, आणि आता मात्र फरक पडतो. बाकीच्यांनाही मग तेच करावं लागतं. चाळीस हजारांच्या जुन्या गाडीवर लाखभर खर्च होतो आणि सगळे मिळून पुन्हा बरोबरीतच येतात, कारण सगळ्यांनीच केलेलं असतं. शर्यत पहिल्यापेक्षा चुरशीची झालेली नसते. ज्याच्याकडे तो लाख नव्हता, तो मात्र घरी बसलेला असतो.

हे मला शर्यतीतून कळलं नाही, गावच्या डीपीवरून, म्हणजे शेतीच्या ट्रान्सफॉर्मरवरून कळलं. माझं गाव अंबड तालुक्यात. शिवारातल्या डीपीवर मंजूर भार सगळ्यांचा तीन-तीन एचपीचा. मोटारीच्या पाटीवर तीन, आत वाइंडिंग पाचचं. पहिल्यानं केलं तेव्हा खरंच काही झालं नाही, त्याचा हरभरा लवकर भिजला. दुसऱ्याला दाब कमी पडायला लागला, म्हणून त्यानंही वाइंडिंग बदलून आणलं. सातव्या-आठव्या मोटारीला, ऐन रब्बीत, डीपी जळाला. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तो नेला, वर्गणी काढली, दहा-बारा दिवस सगळं शिवार कोरडं. त्यात ज्याची मोटार खरोखर तीनची होती तोही कोरडाच, आणि वर्गणी त्यालाही सारखीच. आमच्या घरची मोटार तीनची नव्हती, हेही सांगून टाकतो.

आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक असतं, आणि ते फुकटचं नाही. पाऊस नाही, पैसा नाही, पार्ट मिळत नाही, तिथं तारेनं आणि सायकलच्या ट्यूबनं इंजिन चालवून दाखवणारा माणूस हुशारच. पण तो जुगाड टंचाईवर असतो. शेजाऱ्याशी केलेल्या करारावर केलेल्या हातचलाखीलाही आपण जुगाडच म्हणतो, तिथं गल्लत होते.

एकसारख्या गाड्यांची शर्यत ही कल्पना मुळात गरिबीतूनच आलेली आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन बसवून एकआसनी रेसिंग गाड्या बांधल्या, त्या काळी परदेशी रेसिंग गाडी आणणं भल्याभल्यांना झेपत नव्हतं. इंजिन बाजारात मिळणारं आणि सगळ्यांना तेच. नारायण कार्तिकेयन अशा गाड्यांमधून शिकला आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय ठरला. पुढं स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन घेऊन एलजीबी फॉर्म्युला ४ चा वर्ग आला, तोही त्याच विचाराचा. करिवर्धन यांचं नाव असलेला करी मोटर स्पीडवे कोइम्बतूरजवळ आहे, २.१ किलोमीटरचा. संभाजीनगरहून तो तेराशे किलोमीटरच्या घरात. मराठवाड्यातल्या पोरानं तिथवर गाडी न्यायची तर डिझेल, टोल, मुक्काम यातच कंबर मोडते. इंजिनवर उधळायला त्याच्याकडं उरतंय काय?

अमेरिकेत या प्रकाराचा सगळ्यात गाजलेला वर्ग स्पेक मियाटा. माझदाची छोटी दोनआसनी गाडी, मुंबईतल्या नव्हे, तिकडच्या मध्यमवर्गीयाला परवडणारी. कोण शिक्षक, कोण मेकॅनिक, कोण दंतवैद्य, शनिवार-रविवारी पळवतात. तिकडच्या नियमपुस्तकाचं सूत्र असं, की करता येतं असं लिहिलेलं नसेल तर ते करता येत नाही. आपल्या रोजच्या कायद्याच्या हे अगदी उलट आहे. नागरिकाला मनाई नसेल ते सगळं मोकळं, आणि तसंच असायला हवं. शर्यतीत ते उलटं का? कारण मनाईची यादी कधी पुरी होत नाही. तिकडच्याच नॅस्कार शर्यतींमधल्या स्मोकी युनिक या मेकॅनिकची गोष्ट सांगतात: नियमानं पेट्रोलच्या टाकीचं माप बांधून दिलं, तर यानं टाकीपासून इंजिनापर्यंतचा पाइपच इतका जाड आणि लांब घातला की त्यातच जादा पेट्रोल मावावं. पाइपाबद्दल नियम कुठं काय म्हणत होता? त्या माणसाच्या डोक्याला माझा सलाम. पण पुढच्या वर्षी नियमपुस्तकात पाइपाचं कलम वाढतं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कशाचं तरी, आणि अखेर ते पुस्तक वाचायला वकील लागतो.

सूत्र इतकं साफ असूनही पाय घसरतोच. २०१४ साली कॅलिफोर्नियात लॅगुना सेकाला एससीसीए या हौशी शर्यतींच्या संस्थेच्या राष्ट्रीय रनऑफ्स, म्हणजे अंतिम शर्यती, झाल्या. शर्यतीनंतर स्पेक मियाटांची हेड उघडली आणि पुढं आलेल्या बऱ्याच गाड्या बाद झाल्या. व्हॉल्व्हच्या खाली यंत्रानं ठरावीक कट मारायला नियमाची परवानगी होती. तो कट जिथं मूळ ओतकामाला मिळतो तिथली धार हातानं मोडून गुळगुळीत करायला नव्हती. बोटाच्या नखाला जाणवेल न जाणवेल एवढी ती धार. 'सगळेच करतात' हे तिथंही ऐकू आलं. आमच्या अंबडच्या शिवारात आणि लॅगुना सेकात अंतर खूप आहे, पण वाक्य तेच.

असं उघडून तपासण्याची रीत आपल्याला नवी आहे असंही नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आदत गटात बैल सोडायचा तर आधी त्याचं तोंड उघडून दात बघतात. दुधाचे दात पडून नवे आले असतील तर गट बदलला, मग मालक कितीही मातब्बर असो. म्हातारी माणसं ओठ वर करून बघतात, मान हलवतात, विषय संपला. तिथं कुणी म्हणत नाही की एका दातानं काय व्हायलंय.

टपरीवर माझ्यावर पहिला हल्ला झाला तो विद्यार्थ्यांकडून. "सगळंच बांधून टाकलं तर आमचं डोकं कुठं चालवायचं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला गाडीखाली वाकून द्यावंसं वाटतं. टायरच्या कडेला खडूनं रेघ ओढा, एक फेरी मारा, आणि बघा खडू कुठवर पुसला. कडेच्या खाली उतरून पुसला तर हवा कमी आहे, टायर वळणात दुमडतोय. कडेला पोचलाच नाही तर हवा जास्त. दोन-दोन पौंडांनी कमी-जास्त करत जा. मग चारी चाकांखाली चार काटे ठेवा. चालवणारा उजवीकडं बसतो, म्हणून उजवं जड. त्याचा कोपऱ्यांवर काय परिणाम होतो आणि नियमात बसेल असं ते कसं सावरायचं, यात एक महिना जातो. स्पेअर चाक काढायला परवानगी असेल तर गाडीचा तोल कुठं सरकतो? ब्रेक कुठं सोडायचा? माझा अनुभव असा की ज्या पोराला हे सगळं येतं त्याला हेड घासायची आठवण होत नाही. ज्याला खडूचा कंटाळा येतो तो आधी ग्राइंडर शोधतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा, आणि तो मी स्वतःच स्वतःवर घेतो. नियम इतका कोरडा ठेवला की निर्दोष माणूस भरडला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी वजनाला उभी राहिली, ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये कुणी धड जेवलं नाही. १०० ग्रॅमनं काय होतंय, असं मीसुद्धा म्हणालो. आयुष्यभर लाल शिक्का मारणारा मी!

नंतर मला आमच्या रिस्ट्रिक्टरची आठवण झाली. काही वर्षं मी एका कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमला मापं घ्यायला मदत करायचो. या स्पर्धेत पोरं गाडी स्वतः बांधतात, इंजिन ७१० सीसीपर्यंत कोणतंही घ्या, पण पेट्रोल इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. त्या भोकाचा तुकडा म्हणजे रिस्ट्रिक्टर. शास्त्र सुंदर आहे. इंजिन जोरात ओढायला लागलं की त्या भोकात हवा आवाजाच्या वेगाला पोचते, आणि मग कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. इंजिन मोठं असो की लहान, वरची मर्यादा त्या भोकानं ठरते. भोक २०.३ केलं तर क्षेत्रफळ तीन टक्के वाढतं, म्हणजे हवा तीन टक्के, म्हणजे ताकदही साधारण तेवढीच. लाखो रुपयांच्या इंजिनाचा गर्व उतरवणारा दीडशे रुपयांच्या ॲल्युमिनियमचा तुकडा.

आमचा तुकडा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं लेथवर काढला होता. आत आरसा दिसावा म्हणून तीन रात्री बसून बारीक पॉलिश पेपरनं घासला. कोइम्बतूरला निघायला चार दिवस होते. मी सवयीनं खिशातला २० एच ७ चा प्लग गेज काढला आणि उलटी बाजू, २०.०२१ ची नो-गो बाजू, जी आत जाताच कामा नये, त्या तोंडाला लावली. ती सुळकन आत गेली. बोअर गेजनं मोजलं तर २०.०६. क्षेत्रफळातला फरक ०.६ टक्के. मुलाचा हेतू चोरीचा नव्हता, सौंदर्याचा होता. वर्कशॉपमध्ये कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "तिथं कोण बघायलंय एवढं."

मी म्हणालो, नवा करा. केला, रात्रभर जागून, पहिल्यापेक्षा ओबडधोबड. पॉलिश करणारा मुलगा पुढं दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि माझं चुकलं असंही वाटत नाही. गेजला हेतू कळत नाही ही त्याची उणीव आहे खरी. पण हेतू बघून मापं घ्यायची म्हटलं तर बघणारा कोण? ज्याची ओळख आहे त्याचा हेतू नेहमी चांगला निघतो. आपल्या भागात राहणाऱ्याला हे जास्त फोडून सांगायची गरज नाही.

तिसरा आक्षेप सरकीच्या व्यापाऱ्यानं घेतला, आणि तो पैसेवाला असल्यामुळं त्याला तो बरोबर सुचला. "काका, नियम कितीही आवळा. मी भंगारातून दहा इंजिनं घेईन, दहाही टेस्ट करीन, सगळ्यात चांगलं बसवीन. तुमचा गेज काय करील?" खरं आहे. कारखान्यातून निघालेल्या दहा इंजिनांत दोन-चार टक्क्यांचा फरक असतोच, आणि मापाच्या मर्यादेतलं सगळ्यात चांगलं टोक विकत घेता येतं. म्हणूनच मोठ्या वर्गांत इंजिनं सीलबंद करून वाटतात. बाहा एसएईइंडियाच्या शर्यतीत वर्षानुवर्षं सगळ्या कॉलेजांना एकाच कंपनीचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, इंजिनाचा वेग बांधून ठेवणाऱ्या गव्हर्नरला हात लावायचा नाही, ताकद हवी असेल तर गिअर आणि वजनात शोधा. आमच्या टपरी-मंडळाला सील परवडणार नव्हतं. त्यासाठी मी दोन उपाय सांगितले, दोन्ही उसने.

ते सांगायच्या आधी माझ्या बाजूचीही एक खोट मांडतो. कडक नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आता मिळणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरींची इंजिनं रिबोअर झालेली, म्हणजे झिजलेले सिलिंडर घासून मोठे केलेली असणार, त्यात ओव्हरसाइज पिस्टन असणार. 'कंपनीतून आली तशी' असा हट्ट धरला तर एकही गाडी पास होणार नाही, आणि नियम अशक्य झाला की लोक तो मोडतात असं नाही, त्याच्याकडं बघणंच सोडून देतात. तेव्हा पहिला आणि दुसरा ओव्हरसाइज चालेल, हे लिहून टाकायचं. हेडची कमीत कमी जाडी किती, हेही लिहायचं, कारण गरम होऊन वाकलेलं हेड सरळ करायला थोडं घासावंच लागतं. बदल करायचा तो हंगामाआधी, कागदावर, सगळ्यांसमोर. शर्यतीच्या सकाळी कुणाची अडचण बघून नाही.

रस्त्यावरचं एक वाक्यात उरकतो, कारण तो या लेखाचा विषय नाही आणि लोक मुद्दाम तिकडं वळवतात. बुलेटचे फटाका सायलेन्सर आणि समृद्धीवर पळवायला रीमॅप केलेल्या गाड्या यांना मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि ते योग्य आहे.

आता ते दोन उपाय. पहिला, तक्रारीची अनामत. कुणाच्या इंजिनावर संशय आहे? उघडायचा आणि परत बसवायचा खर्च आधी टेबलावर ठेवा. इंजिन नियमात निघालं तर पैसे त्याला. चोरी निघाली तर खर्च त्याचा, तुमचे पैसे परत. अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. यानं कुजबुज बंद होते. एक तर पैसे काढा, नाहीतर गप्प बसा.

दुसरा मला जास्त आवडतो. तिकडच्या मातीच्या ट्रॅकवरच्या काही हौशी वर्गांत असा नियम असतो की शर्यत संपल्यावर कुणीही प्रतिस्पर्धी ठरलेल्या किमतीत जिंकणाऱ्याचं इंजिन मागू शकतो, आणि ते द्यावंच लागतं. म्हणजे तुम्ही इंजिनावर लाख रुपये घातलेत आणि नियमाची किंमत पंधरा हजार आहे, तर तुम्ही शेजाऱ्याला लाखाचं इंजिन पंधरा हजारांत बांधून दिलंत. इथं गेज नको, इन्स्पेक्टर नको. माणसाचा लोभच पहारा करतो. दहातलं निवडलेलं एक असलं तरी यातून सुटका नाही.

मी बोलायचं थांबलो तेव्हा टपरीवर चांगलीच शांतता झाली. व्यापारी बोटं मोडत होता. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या नियमावर काट मारली आणि वहीच्या नव्या पानावर 'खालील बदल चालतील, बाकी नाही' असं लिहून खाली एक, दोन, तीन आकडे टाकून ठेवले. गॅरेजवाला बराच वेळ ग्लासात बघत होता. मग म्हणाला, "काका, एक विचारू का? इंजिन पंधरा हजाराला मागितलं, तर त्याच्यावर जीएसटी लागंल का?"

मी चहा सांगितला.